मॉरिशस : बेट, माणसे आणि मराठी

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठी ग्रंथालय शंभर वर्षे चालते, ही आनंदाची गोष्ट आहे. अशा प्रसंगी मराठीच्या थोरवीचे गोडवे गाण्याचा प्रघात आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र थोडा दूरचा आहे. मुंबईपासून सुमारे पावणेपाच हजार किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात एक लहानसे बेट आहे. त्या बेटावर मराठी माणूस ग्रंथ घेऊन गेला नाही, सत्ता घेऊन गेला नाही, व्यापारासाठीही गेला नाही. तो मजूर म्हणून गेला. त्याच्या भाषेचे तेथे काय झाले, हे समजून घेतले, तर अशा ग्रंथालयांचे प्रयोजनही अधिक स्पष्ट होईल. ते बेट म्हणजे मॉरिशस.

प्रथम त्याची भूमी पाहू. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर, मादागास्करच्या पूर्वेस आठ-नऊशे किलोमीटर अंतरावर आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साधारण निम्मे. लांबी जेमतेम पासष्ट किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. शेजारचे रेयुनियाँ, पूर्वेकडचे रॉड्रिग्ज आणि मॉरिशस या तिन्ही बेटांना मिळून मास्कारेन द्वीपसमूह म्हणतात. हे नाव पेद्रो मास्कारेन्हास या पोर्तुगीज दर्यावर्द्यावरून पडले. हाच मास्कारेन्हास पुढे व्हाइसरॉय होऊन गोव्यात आला आणि १५५५ साली गोव्यातच मरण पावला. भूगोलाच्या पुस्तकातले एक परके नाव असे आपल्या ओळखीच्या इतिहासाशी जोडलेले आहे.

बेट ज्वालामुखीतून जन्मले आहे. त्यामुळे तेथील दगड काळा बेसाल्ट आहे, सह्याद्रीचा असतो तसाच. मध्यभागी पठार, त्याभोवती तुटक डोंगरांच्या रांगा, आणि किनाऱ्याला जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळाचे कडे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने ठेंगणेच. वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. ते पठारावर भरपूर पाऊस पाडतात आणि पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचताना कोरडे होतात. पठारावरील काही भागांत वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो, तर पश्चिमेच्या किनाऱ्यावर हजाराच्या आत. घाटमाथा आणि त्यापलीकडचा कोरडा मुलूख यांतील फरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात चक्रीवादळे येतात. २९ एप्रिल १८९२ च्या वादळात बाराशेंच्या आसपास माणसे दगावली, आणि १९६० च्या ‘कॅरोल’ वादळाने हजारो घरे जमीनदोस्त केली.

दक्षिण गोलार्ध असल्यामुळे ऋतूंचे चक्र उलटे आहे. जून ते ऑगस्ट हा तेथे हिवाळा आणि डिसेंबर ते एप्रिल हा पावसाळी उन्हाळा. पंचांग मात्र माणसांनी आपल्याबरोबर नेले. त्यामुळे मकरसंक्रांत ऐन उन्हाळ्यात येते. कोकणात गणपती येतो तो पावसात, हिरव्यागार भातखाचरांच्या साक्षीने. मॉरिशसमध्ये त्या वेळी कोरडी थंड हवा असते आणि उसाची तोडणी चाललेली असते. त्याहून लक्षणीय गोष्ट आकाशातली आहे. विवाहविधीत नवदांपत्याला ध्रुवतारा दाखविण्याची आपली प्रथा आहे. मॉरिशसच्या आकाशात ध्रुव दिसतच नाही. तो कायम क्षितिजाखाली असतो. ज्या समाजाचे सण, विधी आणि ऋतू एकमेकांशी बांधलेले होते, त्याला तेथे किती गोष्टी केवळ स्मरणावर चालवाव्या लागल्या असतील, याची यावरून कल्पना येते.

आता इतिहासाकडे वळू. मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. अरब खलाशांना बेट माहीत होते, पोर्तुगीज तेथे थांबून गेले, पण वस्ती कोणी केली नाही. १५९८ मध्ये डच आले. त्यांनी आपल्या मॉरिस या राजपुत्राचे नाव बेटाला दिले आणि १६३८ मध्ये पहिली वसाहत केली. त्यांनी एबनीचे काळे मौल्यवान लाकूड बेसुमार तोडले आणि जावातून ऊस व हरणे आणली. उडता न येणारा डोडो पक्षी त्यांच्या पायरवानंतर शतकाच्या आतच नामशेष झाला. या डोडोचा भारताशी एक धागा आहे. सुरतेत पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकात दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे, आणि जहांगीराच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याचे मानले जाणारे डोडोचे चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. पक्षी गेला, त्याचे एक विश्वासार्ह रंगचित्र हिंदुस्थानी चित्रकाराच्या हातून उरले.

१७१० मध्ये डच निघून गेले आणि १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले. १७३५ पासून लाबूर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई बंदर उभारले. ते उभारण्यास पाँडिचेरीकडील कारागीर आले आणि मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. निरनिराळ्या भाषा बोलणारे हे गुलाम आणि त्यांचे फ्रेंच मालक यांच्या व्यवहारातून क्रिओल ही भाषा जन्मली. शब्द बहुतांशी फ्रेंच, पण ठेवण स्वतंत्र. हीच क्रिओल आज साऱ्या बेटाची बोली आहे, आणि पुढच्या कथेत तिचे महत्त्व मोठे आहे. पळून गेलेले गुलाम नैर्ऋत्येकडील ल मोर्न या कड्यावर आश्रय घेत. तो डोंगर २००८ मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून जाहीर झाला.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. त्या मोहिमेत मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या पलटणींतील शिपाई होते. त्यानंतर १८१५ पासून सुमारे वीस वर्षे बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून दीड हजाराच्या आसपास कैदी रस्ते बांधण्यासाठी पाठविले गेले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन तेथे उतरला, तेव्हा या हिंदी कैद्यांचा रुबाबदार चेहरामोहरा पाहून तो चकित झाल्याचे त्याच्या प्रवासवर्णनात आढळते. म्हणजे मजुरांच्या आधी शिपाई आणि कैदी या दोन रूपांत मुंबई इलाख्याची माणसे त्या भूमीवर पोहोचली होती.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. सुमारे सहासष्ट हजार गुलाम मुक्त झाले. नुकसानभरपाई मात्र मळेवाल्यांना मिळाली, गुलामांना नव्हे. उसाच्या मळ्यांना हात हवे होते, आणि ते हिंदुस्थानातून आणण्याचे ठरले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजाने कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरविले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये, आणि त्यावर तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा. पुढील काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे या पद्धतीने मॉरिशसला गेली. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश परतली, बाकीची तेथेच राहिली. बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील भोजपुरी बोलणारे, त्यांच्याखालोखाल तमिळ व तेलुगू भाषक. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या या सर्वांत लहान. त्यांत मुख्यतः रत्नागिरी आणि लगतच्या भागांतील कुणबी, मराठा, महार व इतर कष्टकरी जातींचे लोक होते.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ मध्ये मजुरांसाठी स्वागतकोठार बांधले गेले. आज त्याला ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ पासून तेही जागतिक वारसास्थळ आहे. समुद्रातून वर येणाऱ्या त्याच्या सोळा पायऱ्या प्रसिद्ध आहेत. त्या चढून आलेल्या प्रत्येकास एक क्रमांक मिळे, आणि वहीत त्याचे नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा व गाव लिहिले जाई. लिहिणारा कारकून मराठी जाणणारा नसे. त्यामुळे ऐकू आले तसे रोमन लिपीत नाव उतरे. पुढे बापाचे पाळण्यातले नाव मुलाचे आडनाव झाले, आणि घराण्याचे मूळ आडनाव पुष्कळ ठिकाणी कायमचे हरवले. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात जपलेल्या आहेत. आपले गाव कोणते, हे शोधत वंशज तेथे येतात. इंग्रजी कारकुनाने वेडेवाकडे लिहिलेले गावाचे नाव रत्नागिरीच्या नकाशावर कोठे बसते, हे ओळखण्यास मराठी जाणणारा माणूसच लागतो.

मळ्यावरचे जीवन कष्टाचे होते. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची ‘दुहेरी कपात’ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू होती. १८६७ च्या कायद्यान्वये करार संपलेल्या मजुरासही छायाचित्र लावलेला परवाना बाळगावा लागे. तो नसल्यास भटक्या म्हणून अटक होई. त्याच सुमारास हिवतापाच्या साथीत हजारो माणसे मरण पावली. उसाच्या शेतांतून आजही काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हाताने वेचलेले ते दगड आहेत.

या परिस्थितीत मराठीचे काय झाले? तिला उतरती कळा लागली, आणि त्याची कारणे उघड आहेत. पहिले, संख्या थोडी आणि तीही निरनिराळ्या मळ्यांवर विखुरलेली. दुसरे, मळ्यावर मजुरांची सामायिक भाषा भोजपुरी होती. मराठी आणि तेलुगू मजूर शेतात भोजपुरी बोलत. तिसरे, सुरुवातीच्या जहाजांतून स्त्रिया फार थोड्या गेल्या, इतक्या की पुढे सरकारला स्त्रियांचे किमान प्रमाण ठरवून द्यावे लागले. मुलाला भाषा मिळते ती प्रामुख्याने घरातल्या बाईमाणसांकडून. आजी नाही, मावशी नाही, तेथे ओवी कोणाकडून ऐकायची? चौथे, मुले शिकू लागली तेव्हा नोकरीसाठी इंग्रजी आणि प्रतिष्ठेसाठी फ्रेंच लागे, आणि खेळताना क्रिओल. परिणामी काही पिढ्यांत मराठी स्वयंपाकघरातून गेली. प्रथम तिची जागा भोजपुरीने घेतली, मग क्रिओलने भोजपुरीचीही घेतली. मराठी कुटुंबांतही आज घरची बोली बहुधा क्रिओलच असते.

एवढ्यावर ही कथा संपली असती, तर त्यात सांगण्यासारखे विशेष नव्हते. जगात असंख्य भाषांचे असे झाले आहे. नवलाची गोष्ट अशी की, स्वयंपाकघरातून गेलेली मराठी देवघरात आणि अंगणात टिकून राहिली. मराठी कुटुंबांत गोंधळ घालण्याची चाल राहिली. कोकणातील जाखडीचा नाच तेथे ‘झाकरी’ या नावाने राहिला आणि गणपतीपुढे रंगू लागला. हेन्रिएटा या गावी १८९६ मध्ये एका मराठी कुटुंबाने बेटावरची पहिली गणेशपूजा केली, असे सांगितले जाते. आज गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते. एका अल्पसंख्य समाजाचा सण साऱ्या राष्ट्राने आपला मानला, ही साधी गोष्ट नव्हे. विसर्जनाच्या मिरवणुकीत तमिळ, तेलुगू, भोजपुरी घराण्यांतील माणसेही सामील होतात.

ही देवघेव एकतर्फी नाही. आफ्रिकन गुलामांच्या वंशजांचा सेगा नाच आणि त्यासोबत वाजणारे रावान हे बकऱ्याच्या कातड्याचे वाद्य आज साऱ्या बेटाचे मानबिंदू आहेत. डाळपुरी ही मजुरांची पोळी रस्तोरस्ती विकली जाते, आणि ती खाणाऱ्याचा वंश कोणी विचारत नाही. विंदाय नावाचा मोहरी-हळदीचा मासळीचा पदार्थ नावाने गोव्याच्या विंदालूचा नातलग आहे. मॉरिशसच्या संस्कृतीचा विचार करताना हे एकत्र नांदणे प्रथम लक्षात घ्यावे लागते. मराठी तेथे टिकली ती इतरांना दूर ठेवून नव्हे.

तथापि गाणी आणि विधी यांच्या बळावर भाषा किती काळ तग धरते? शब्द पाठ राहतात, अर्थ निसटतो. येथे एका संस्थेचा उल्लेख केला पाहिजे. तिचे नाव बैठक. मळेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमिनीचे लहान तुकडे विकायला काढले, तेव्हा पै-पै साठविलेल्या मजुरांनी ते घेतले आणि मळ्याच्या छावणीबाहेर स्वतःची खेडी वसविली. त्या खेड्यांतून गवताने शाकारलेल्या साध्या झोपड्यांत संध्याकाळी माणसे जमत. दिवसभर ऊस तोडलेला माणूस तेथे कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवी, पोथी ऐके, गावचे तंटे सोडवी. शाळा, देऊळ, वाचनालय आणि पंचायत अशी ती चारही कामे करी. मुख्यतः भोजपुरी समाजाने ही प्रथा रुजविली. इतर भाषक समाजांनीही आपापल्या परीने असे मेळ जमविले.

या अक्षरओळखीचे मोल किती होते, ते राजकीय इतिहासात दिसते. १९०१ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परतताना सुमारे तीन आठवडे मॉरिशसला थांबले आणि मुलांना शिकविण्याचा व राजकारणात लक्ष घालण्याचा आग्रह त्यांनी धरला. त्यानंतर १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले. ते जन्माने बडोद्याचे. त्यांनी मजुरांचे खटले चालविले आणि १९०९ मध्ये ‘हिंदुस्थानी’ हे पत्र काढले. पुढे १९४७ च्या नव्या घटनेने मताधिकार विस्तारला. बेटावर प्रचलित असलेल्या भाषांपैकी कोणत्याही एका भाषेत साधे वाक्य लिहिता-वाचता येणे एवढीच अट राहिली. बासदेव विष्णुदयाल यांच्या स्वयंसेवकांनी खेडोपाडी, बैठकांतून, प्रौढांना अक्षरे शिकविली. मतदारांची संख्या अकरा-बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या वर गेली, आणि १९४८ च्या निवडणुकीने बेटाची सत्ता मळेवाल्यांच्या हातून सुटू लागली. १२ मार्च १९६८ रोजी सर शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला. १९९२ मध्ये तो प्रजासत्ताक झाला. ज्याला कारकुनाने क्रमांक दिला होता, त्याच्या नातवाने आपले नाव स्वतःच्या हाताने लिहून राज्य मिळविले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

मराठी समाजाचे संघटित कार्यही याच काळात आकारास आले. १९६० मध्ये मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशनची स्थापना झाली. मराठी हा विषय प्राथमिक शाळांतून शिकविला जाऊ लागला. उच्च शिक्षणाची सोय महात्मा गांधी संस्थेत झाली. आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीवर मराठी कार्यक्रम होतात, आणि सरकारतर्फे मराठी नाट्यस्पर्धा भरतात. जनगणनेत मराठीचा स्वतंत्र रकाना असतो. २०२३ मध्ये मोका येथे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. हे सर्व अभिमानास्पद आहे.

परंतु अभिमानाबरोबर वस्तुस्थितीही पाहिली पाहिजे. शाळेत मराठी शिकलेले मूल घरी येऊन ती कोणाशी बोलणार? परीक्षेपुरती शिकलेली भाषा परीक्षेबरोबर संपते. २०१२ पासून क्रिओल हाही शाळेतील वैकल्पिक विषय झाला आहे, आणि पूर्वजांची भाषा की रोजची भाषा, अशी निवड मुलापुढे उभी राहिली आहे. क्रिओलला दोष देण्यात अर्थ नाही. ती त्या भूमीची भाषा आहे आणि तिच्यावरही पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला आहे. प्रश्न असा की, जी भाषा आईकडून मिळत नाही, तिची गोडी मुलाला कशी लागावी?

याचे उत्तर अंशतः बैठकीच्या इतिहासातच आहे. भाषा शिकविण्यासाठी शाळा लागते, पण ती वापरण्यासाठी परीक्षेशी संबंध नसलेली, मोकळी जमण्याची जागा लागते. जेथे वाचलेले कोणाला तरी सांगता येते, नाटकाची तालीम होते, चुकीच्या उच्चाराला कोणी हसत नाही. मॉरिशसच्या तरुणाला मराठी ग्रंथ हवे आहेत ते अशा जागेसाठी. त्याला पहिलीच्या मुलाची बडबडगीते नकोत, कारण तो वयाने मोठा आहे. आणि दुर्बोध कादंबऱ्याही नकोत, कारण त्याची मराठी कोवळी आहे. सोप्या भाषेतील प्रौढ विषयांची पुस्तके मराठीत थोडी आहेत. ती उणीव मॉरिशसपुरती नाही.

ती येथेही जाणवते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांतील मुले आज इंग्रजी शाळेत जातात, अंगणात त्या त्या प्रांताची भाषा बोलतात आणि मराठी वाचताना अडखळतात. येथील मराठी अजून स्वयंपाकघरात आहे, हा मोठा फरक आहे. पण मॉरिशसचे उदाहरण सांगते की तेथून तिला बाहेर पडण्यास काही पिढ्या पुरतात. ज्या दिवशी मुले घरी मराठी बोलेनाशी होतील, त्या दिवशी कपाटातील हजारो ग्रंथ वाचणारा उरणार नाही, मग ते कितीही नीट बांधलेले असोत.

म्हणून या ग्रंथालयाने दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना दोन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ अडखळत वाचणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. तेथे पुस्तक मोठ्याने वाचले जावे आणि शंका विचारणाऱ्याचे स्वागत व्हावे. आणि अशा वाचकांस उपयोगी पडतील त्या पुस्तकांची एक यादी करून ती मॉरिशसच्या मराठी मंडळींनाही पाठवावी. खर्च थोडा आहे, चिकाटी मात्र फार लागेल. उसाच्या शेतातून परतून कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवणाऱ्यांकडे ती होती. शंभर वर्षे हे दार उघडे ठेवणाऱ्यांकडेही ती आहे, यात शंका नाही.

ग्रंथालयास शताब्दीनिमित्त मनःपूर्वक शुभेच्छा.